पाटोद्याचा उतार आणि सुद्याचं अ‍ॅप

"हे बघा, सीसी तितर!" सुद्यानं मोबाईल सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला. पाटोद्याकडचा बालाघाटचा मुरमाड उतार, तरवडाच्या बुडाशी दबून बसलेलं मूठभर पाखरू. नाव पाखरं ओळखायच्या अ‍ॅपनं दिलेलं.

"सीसी इराण, अफगाणिस्तान, बलुचिस्तानातलं," भागवत म्हणाला. "बीडात कशाला येतंय? चहाला?"

"उतार तर तसलाच उघडाबोडका हाय की."

त्यात तथ्य आहे. नुसता मुरूम बघून माणूसही फसेल. पण सीसीच्या नराच्या डोळ्यावरून काळी-पांढरी पट्टी जाते, कुशीवर नागमोडी काळ्या-तपकिरी रेघा असतात. इथं दोन्ही नाहीत. शिवाय सुद्यानं अ‍ॅपात ठिकाणच टाकलं नव्हतं! बीड टाकलं आणि सीसी यादीतून गेलं.

बापूंचं आधीपासून वेगळंच. "ह्ये तीन बोटाचं पाखरू. मादी थोराड, गळा काळा, अन् अंडी नर उबवतंय. आमच्या रानात लई."

बापू सांगतात ते पाखरू खरंच आहे. दिसायला हुबेहूब लावा, पण गोत टिटवीच्या बाजूचं. त्याला मागचं बोट नसतं. लाव्याला पुढं तीन, मागं एक.

"मग मोजा की बोटं!"

मोजणार काय? पाय कुसळीत बुडालेले. मी विचारलं, "सुद्या, उडालं कसं?"

"उडालं कसलं, फुटलं! पायाखालून भुर्रकन दहा-बारा, चारी दिशांना. काळीजच हाललं."

माझ्या लेखी बापूंचा दावा इथंच संपला. त्यांचं पाखरू एकटंदुकटं, नाहीतर जोडीनं असतं. पाय पडेस्तोवर दबून बसायचं आणि मग एकदम फुटायचं, ही रानलाव्याच्या थव्याची खोड. रात्रीसुद्धा ते तोंडं बाहेर करून गोल बसतात, म्हणजे वेळ आली की एकमेकांना न धडकता पळता येतं.

आता कोणता रानलावा? झाडीतला की खडकाळ माळावरचा? नर असता तर पोटावर काळ्या आडव्या रेघा दिसल्या असत्या. ही मादी, रेघा नाहीत. पण झाडीतल्या मादीचा गळा गडद विटकरी आणि भुवई लांब, ठसठशीत. सुद्याच्या मादीचा गळा फिकट, अंगाच्याच रंगात मिसळलेला. भुवई असून नसल्यासारखी. म्हणून मी म्हणतो, खडकाळ माळावरचा लावा. भागवतला पटलं.

"आमचे अण्णा तर तव्यावरच ओळखायचे," बापू पुटपुटले.

"बापू, १९७२ चा वन्यजीव कायदा!" सुद्या ओरडला.

"खातंय कोण? पण बोटं दिसल्याबिगर मी मानत नसतो. पुढच्या येळी पाय घे फोटोत."

"पाय घ्यायला ते उभं तर ऱ्हायला पाहिजे ना, बापू!"