होमलँडर निर्व्यसनी आहे

माझा डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर आहे. निदान दोन आठवडे तसाच राहणार. ऑफिसात कोणी विचारलं की 'नवीन फॅशन' म्हणून सांगतो, पण खरी गोष्ट अशी की तो 'द बॉईज' या अमेरिकी मालिकेपायी गेला, तिच्यातल्या होमलँडर नावाच्या सुपरहिरोपायी.

मे महिना, रविवार सकाळ, नागपूर. सलूनात खुर्च्या दोन, बाकावर माणसं सहा, आणि दारात कूलर. ह्या कूलरचं नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. लोखंडी पत्र्याचा जुना डेझर्ट कूलर, तीन बाजूंना खसच्या टट्ट्या. पंपाच्या नळीत खसची काडी अडकली की एका बाजूची टट्टी कोरडी राहते आणि तिकडून गरम वारा येतो. म्हणून मालक पंखा फुल ठेवतो. फुल ठेवला की बेअरिंग ओरडतं. त्यामुळे एप्रिल ते जून नागपुरात खाजगी असं काही बोलता येत नाही. जे बोलायचं ते ओरडून, आणि ओरडून सांगण्यासारखं असेल तेवढंच.

कोपऱ्यात एक काका बसले होते. डोक्यावर काळी मेंदी थापलेली, कपाळाच्या कडेला आणि कानांच्या पाळ्यांना व्हॅसलीन, गळ्याभोवती सलूनचं कापड. काळी मेंदी लावली की अर्धा तास बसून राहावं लागतं. लवकर धुतली तर केस तांबूस निघतात, आणि कूलरसमोर बसलं तर ती वाळून पोपडे धरते. म्हणून काका कूलरपासून लांब आणि माझ्या खुर्चीच्या अगदी जवळ. त्यांच्याकडे अर्धा तास होता आणि हातात मोबाइल. मोबाइलचा आवाज कूलरच्या वर.

"तो दोस्तों, अब होमलँडर को आता है गुस्सा..."

तोंडाला फेस लागायच्या आधी मी एक वाक्य बोललो. तेवढीच चूक.

"काका, तो व्हिलन आहे."

काकांनी व्हिडिओ थांबवला. "कोन?"

"होमलँडर."

"तू पाह्यलं का पूर्ण?"

"पहिले चारही सीझन. कॉमिकसुद्धा वाचलं, 72 अंक."

"मंग काऊन असा बोलून राहिला?"

इतक्यात ब्रश ओठांवरून फिरला आणि माझा प्रवक्तेपणा संपला. कारागिराच्या गालात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा तोबरा, होता, त्यामुळे त्याच्याकडूनही 'हूं'च्या पुढे काही यायची आशा नव्हती. एकाच्या तोंडात फेस, दुसऱ्याच्या तोंडात खर्रा. सभा काकांची झाली.

"पाह्य बेटा. दारू पेत नाही. सिगरेट नाही. खर्रा तं नाहीच नाही." इथे कारागिराकडे एक कटाक्ष. "अन् पेते काय? दूध! एवढा मोठा मानूस, उडते काय, डोयातून आग काढते काय, पन पेते काय तं दूध. आजकालचा कोनता पोट्टा दूध पेते सांग मले?"

बाजूच्या खुर्चीत एक पोरगा बसला होता, सहा-सात वर्षांचा. खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून त्यावर बसवलेला, मागे त्याची आई उभी. दूध म्हटल्याबरोबर तिने मान वळवली.

आता ज्यांनी मालिका पाहिली आहे त्यांना माझी अडचण कळली असेल. होमलँडर दूध पितो हे खरं आहे. ते दूध कुणाचं हा प्रश्न आहे. मालिकेत व्हॉट नावाची कंपनी होमलँडरसारखे महावीर, म्हणजे सुपरहिरो, सांभाळते, त्यांचे सिनेमे काढते, शेअर बाजारात त्यांच्या नावावर पैसा करते. तिथली मोठी अधिकारी मॅडलिन स्टिलवेल. तिला तान्हं बाळ आहे, आणि दूध त्या बाळाच्या वाटणीचं आहे. होमलँडर प्रयोगशाळेत वाढला, आई कधी पाहिली नाही, आणि जगातला सर्वांत ताकदवान माणूस एका तान्ह्या पोराचा मत्सर करतो. मालिकेतली सगळ्यात भेसूर गोष्ट हीच आहे, रक्तबिक्त त्याच्या कितीतरी मागे. आणि ही गोष्ट मला एका मायमाऊलीसमोर, कूलरच्या वर आवाज चढवून, साठीच्या माणसाला सांगायची होती.

कारागिराने वस्तऱ्यावरचा फेस पुसायला हात काढला, तेवढ्या फटीत मी शक्य तितकं सभ्य करून ओरडलो, "काका, ते गाईचं नाही!"

"मंग म्हशीचं असंन," काका शांतपणे म्हणाले. "म्हशीच्या दुधाले ताकद राह्यते."

तिथे मी हरलो. पण काका थांबले नाहीत. चौथ्या सीझनचं त्यांना फार वाईट वाटलं होतं. "त्याले पांढरा केस सापडला तं पोट्टं किती घाबरलं! एका बरनीत जमा करून ठेवते. मले तं रडू आलं." असं म्हणून त्यांनी स्वतःच्या मेंदीला हळूच हात लावला आणि काळं झालेलं बोट कापडाला पुसलं.

तो केस डोक्यावरचा नव्हता. हेही मला सांगता आलं नाही.

मग मी आरशातून त्यांचा मोबाइल पाहिला आणि कोडं सुटलं. पडद्यावर व्हॉटची उंच इमारत होती आणि तिच्यावरचं नाव मला आरशात सुलट दिसत होतं. आरशात सुलट म्हणजे मोबाइलवर उलट. काका मालिका पाहत नव्हते. ते 'पूरी कहानी हिंदी में'वाला व्हिडिओ पाहत होते.

हे व्हिडिओ कसे बनतात ते बघण्यासारखं आहे. मूळ चित्र डावं-उजवं उलटवायचं, म्हणजे कॉपीराइट शोधणारी यंत्रणा सहज ओळखत नाही. कडा कापायच्या, रंग थोडा गडद करायचा, मूळ आवाज काढून टाकायचा आणि वर एकसुरात निवेदन. रक्त दिसलं तर जाहिरात बंद होते, म्हणून रक्तावर धूसर पट्टा. अंगावर कपडे नसले तर तो प्रसंगच गायब. पहिले चार सीझन, प्रत्येकी 8 भाग, एक भाग साधारण तासाचा. ते बत्तीसेक तास ऐंशी मिनिटांत बसवायचे म्हटल्यावर निवेदकही श्वास घेत नाही.

आणि आता बघा काय उरतं. 'द बॉईज'मधलं जे न दाखवण्यासारखं आहे, त्यातच तिचं म्हणणं आहे. ते गाळलं की उरतो झेंड्याचा अंगरखा, उडणं, डोळ्यांतली आग आणि माईकसमोरचं भाषण. पहिल्या सीझनच्या चौथ्या भागात अपहरण झालेलं विमान आहे. होमलँडर अतिरेक्याला मारायला डोळ्यांतून आग सोडतो आणि त्यात वैमानिकाचे यंत्रफलक जळून जातात. त्याच्यासोबतची महावीर क्वीन मेव्ह म्हणते, निदान काही जणांना तरी घेऊन जाऊ. तो नाही म्हणतो, कारण वाचलेला प्रत्येक माणूस साक्षीदार. प्रवासी पुढे सरकतात तर त्यांनाच जाळायची धमकी देतो आणि निघून जातो. मग किनाऱ्यावर, अवशेषांशेजारी उभं राहून डोळे ओले करून भाषण करतो. काकांनी त्यातलं भाषण पाहिलं होतं.

"त्यानं कोशीश तं केली ना, बाप्पा," ते म्हणाले.

व्हॉट कंपनी मालिकेत हेच करते. घाण पुसते, चांगला तुकडा काढते, लोकांपुढे ठेवते. तिथे त्यासाठी पगारी लोकांची फौज आहे. इथे कुणी पोरगा रात्री जागून तेच काम करतो.

बरं, पूर्ण मालिका पाहणारे तरी शहाणे आहेत का, तर तेही नाही. मालिका 26 जुलै 2019ला आली तेव्हा आठही भाग एकदम मिळाले. दुसरा सीझन 4 सप्टेंबर 2020ला तीन भागांनिशी आला आणि उरलेले दर आठवड्याला एक. झालं. लोकांनी एक-एक तारा देऊन मालिका झोडपली. का? वाईट होती म्हणून नाही, वाट पाहावी लागली म्हणून. माझी आजी जत्रेतला पाळणा वर अडकला तरी इतकी चिडली नसती. मग निर्माता एरिक क्रिपकीने मुलाखतींत उघडच सांगितलं की होमलँडरमध्ये डोनाल्ड ट्रम्प आहेत, तेव्हा आणखी एक गट चिडला: आमच्या माणसाची टिंगल करता! म्हणजे तीन सीझन त्यांना तो आपला माणूस वाटत होता. 2024च्या जुलैत ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला आणि पाचच दिवसांनी चौथ्या सीझनचा शेवटचा भाग यायचा होता. त्याचं नाव 'असॅसिनेशन रन' असं होतं. ते बदलून नुसतं 'सीझन फोर फिनाले' करावं लागलं.

आणि आम्ही कॉमिकवाले? आम्ही तर सगळ्यात वाईट. मालिका ज्यावरून निघाली ते गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांचं कॉमिक 2006मध्ये वाइल्डस्टॉर्मकडून सुरू झालं, सहा अंकांनंतर त्यांनी ते बंद केलं, मग डायनमाईटने उचललं आणि 2012मध्ये संपवलं. एवढं पाठ असलेला माणूस चारचौघांत बसायच्या लायकीचा राहत नाही. कॉमिकमध्ये नायक ह्यूईचा चेहरा सायमन पेग या नटावर बेतला होता, मालिका येईपर्यंत पेगचं वय झालं म्हणून त्याला ह्यूईच्या बापाचं काम दिलं, ही माहिती मी आजवर किमान वीस लोकांना न विचारता दिली आहे.

पण एक गोष्ट मी काकांना दिली नाही, आणि ती अजून टोचते. कॉमिकमध्ये ब्लॅक नॉयर हा दुसरा महावीर होमलँडरचाच क्लोन निघतो. होमलँडरचा वेश घालून भयंकर कृत्यं त्याने केलेली असतात, आणि त्याचे फोटो पाहून होमलँडरला वाटतं की आपणच हे केलं, आपल्याला आठवत नाही. त्यात तो वेडा होतो. होमलँडरच्या जिवावर उठलेल्या बुचरच्या बायकोवरचा अत्याचारही नॉयरचाच. मालिकेने ही पळवाट काढून टाकली. तिथे जे केलं ते त्यानेच केलं. म्हणजे काकांचं 'बिचारा' हे कॉमिकपुरतं जवळजवळ बरोबर होतं. एक पान न वाचता, ऐंशी मिनिटांच्या उलट्या व्हिडिओवरून माणूस तिथे पोचला. मी सांगितलं असतं तर त्यांना केवढा आनंद झाला असता. नाही सांगितलं. फेस होता हे एक कारण.

नागपुरात खरं तर हे सगळं आपल्याला नवीन नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, सोबत बडगे, सगळे पुतळेच. महागाईचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, एखाद्या पुढाऱ्याचा बडग्या. बांबू, कागद, गवत, गळ्यात पाटी. 'घेऊन जा गे मारबत' म्हणत वाजतगाजत न्यायचा आणि जाळायचा. 'द बॉईज' हा बडग्याच आहे, एका महावीराचा आणि त्याच्या कंपनीचा. फक्त इथे मिरवणुकीतले अर्धे लोक बडग्याला हार घालून राहिले, आणि उरलेले अर्धे बडग्या दर आठवड्याला एकच निघतो म्हणून दगड मारून राहिले.

असो. कल्ल्याकडे येऊ.

तिसऱ्या सीझनचा शेवट आला. होमलँडर आपल्या पोराला, रायनला, समर्थकांच्या गर्दीसमोर आणतो. विरोधकांतला एक जण डबा फेकतो, तो रायनला लागतो, आणि होमलँडर भर रस्त्यात त्या माणसाचं डोकं उडवतो. क्षणभर सगळे गप्प. मग गर्दीतला टॉड नावाचा एक साधा घरगुती माणूस आनंदाने ओरडतो, आणि त्याच्या मागोमाग सगळी गर्दी. त्या आरोळ्या ऐकून पोरगाही हसतो. त्या भागात डोक्यापेक्षा टॉडची भीती जास्त वाटते.

मोबाइलवर डोकं धूसर होतं. काकांनी तोंडाने "झुंईईई" केलं आणि दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवली. मेंदीचा एक पोपडा उडून आरशावर बसला. कारागीर खर्रा सांभाळत खदखदला, हात हलला, आणि मला कानाशेजारी गार वारा लागला.

"होते कधी कधी," तो प्रथमच बोलला. तुरटी फिरवली. "दुसरा बी बरोबर करून देऊ का?"

"नको."

दाढी-कटिंगचे 130 झाले. काकांचा अर्धा तास संपला होता, ते बेसिनवर वाकले होते आणि पाणी काळंकुट्ट वाहत होतं. वाकूनच त्यांनी सल्ला दिला, "एकदा पूर्ण पाह्य बेटा. मंग समजंन तुले."

मी सुट्टे मोजत होतो. फळीवरच्या पोराचं कापड आता उलटं झालं होतं, गाठ गळ्याशी आणि झूल पाठीवर, आणि तो दोन्ही मुठी पुढे करून उडत होता. त्याच्या आईने मला थांबवलं.

"भाऊ, तुमी पाह्यलं म्हनता ना थे. खरंच दूध पेते का थो?"

"हो," मी म्हणालो.

"गिलासानं?"

"बाटलीनं."

"पाह्य!" ती पोराला म्हणाली. "अन् तुले साय चालत नाही."