“रजिस्ट्री तर आतच आहे” म्हणून ती उघडी ठेवू नका

मायक्रोसर्व्हिसेसवाल्यांमध्ये (एक ॲप छोट्या छोट्या सर्व्हिसेसमध्ये तोडून चालवणाऱ्यांमध्ये) एक सल्ला सर्रास फिरतोय: सर्व्हिस रजिस्ट्री (कोणती सर्व्हिस कुठल्या पत्त्यावर चालते याची नोंदवही) फायरवॉलच्या आत असते, तिच्यात नुसते पत्ते असतात, वर एमटीएलएस (दोन्ही बाजूंनी एकमेकांचं सर्टिफिकेट तपासणं) आहेच, मग ऑथेंटिकेशनचा (नोंदवणाऱ्याची ओळख तपासण्याचा) ताप कशाला? नवी मुलं हे वाचून तसंच प्रॉडक्शनला नेतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी फायरवॉल. एसएलपी हा सर्व्हिस शोधण्याचा जुना प्रोटोकॉल, संस्थेच्या आतल्या नेटवर्कसाठीच बनवलेला. एप्रिल २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की त्याचे ५४ हजारांहून जास्त सर्व्हर इंटरनेटवर उघडे आहेत. त्यात कुणीही खोट्या सर्व्हिसेस नोंदवून उत्तर फुगवायचं, मग दुसऱ्याच्या आयपीच्या नावाने २९ बाइटची विनंती धाडायची. त्या बिचाऱ्यावर २,२०० पटींपर्यंत मोठं उत्तर आदळतं. आतच राहणार असं धरून चाललेली गोष्ट बाहेर आली, आणि नोंदणीला ऑथेंटिकेशनच नव्हतं.

“नुसते पत्ते” म्हणणारे फक्त वाचण्याचा विचार करतात. धोका लिहिण्यात आहे. कन्सल या रजिस्ट्रीमध्ये एसीएल (कुणाला काय लिहिता-वाचता येईल याचे नियम) मुळात बंद असतात. तसेच ठेवले, तर कन्सलच्या एजंटच्या (मशीनवर चालणाऱ्या त्याच्या प्रोग्रामच्या) ८५०० पोर्टपर्यंत पोचलेला कुठलाही कंटेनर (वेगळ्या कप्प्यात चालणारा प्रोग्राम) ‘पेमेंट’ या नावाने स्वतःचा पत्ता नोंदवू शकतो. हेल्थ चेकही (सर्व्हिस नीट चालते का याची तपासणी) नोंदवणाराच ठरवतो, त्यामुळे तो हिरवाच दिसतो. खरे इन्स्टन्स (सर्व्हिसच्या चालू प्रती) दोन असतील, तर राउंड रॉबिनमध्ये (पाळीपाळीने विनंत्या वाटताना) दर तिसरी विनंती चोराच्या हाती.

एमटीएलएसचा मुद्दा वजनदार आहे, पण अर्धाच. “सर्टिफिकेट आपल्याच सीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेचं) आहे ना?” एवढंच क्लायंट तपासत असेल, तर तसं सर्टिफिकेट क्लस्टरमधल्या प्रत्येक सर्व्हिसकडे असतं, फोडल्या गेलेल्या ‘नोटिफिकेशन’कडेही. तिने ‘पेमेंट’ म्हणून नाव लावलं की हँडशेक (जोडणीआधीची ओळख-तपासणी) बिनबोभाट पार पडतो. म्हणून या नावाची सर्व्हिस कोणत्या ओळखीने चालते, हेही जुळवावं लागतं. सर्व्हिसेसमधली वाहतूक सांभाळणाऱ्या इस्टिओमध्ये याला सिक्युअर नेमिंग म्हणतात. एचटीटीपीच्या विनंतीत डीएनएसने (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेने) खोटा पत्ता दिला तरी ओळख जुळत नाही आणि जोडणी तुटते. मात्र कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणाऱ्या यंत्रणेवर) ही जुळणी एपीआय सर्व्हरमधल्या नोंदींवरून होते. तिथे वाटेल त्याला लिहिता आलं, तर एमटीएलएसही पोकळ.

राहिला ताप. कन्सलमध्ये प्रत्येक सर्व्हिसला फक्त स्वतःच्या नावावर लिहिता येईल असं टोकन (परवानगीची किल्ली) द्या. चालू सिस्टिमवर डिफॉल्ट पॉलिसी एकदम ‘डिनाय’ (टोकन नसेल तर नकार) करू नका, सगळं कोलमडेल. आधी ‘अलाउ’ (सगळ्यांना परवानगी) ठेवून टोकनं वाटा, लॉग बघा, मग बदला.