दोनशे वॅट, शेवटचा खांब आणि बादलीतली कॉइल : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की तालुक्याच्या बाजारात अठराशे रुपयांना मिळणारा '२०० वॅट'चा सबवूफर ॲम्प (बेसचा मोठा स्पीकर वाजवणारा ॲम्प्लिफायर) प्रत्यक्षात ४० वॅटच देतो आणि ही शुद्ध फसवणूक आहे. त्यावर तुम्ही मला चांगलंच धुतलंत. ऑसिलोस्कोप (सुराचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) नाही, साध्या मल्टिमीटरवर मोजलं, तेही पडलेल्या व्होल्टेजवर. तुमचा तसलाच ॲम्प तान्ह्या पोळ्याला चार तास वाजला, पोट्टे थकले पण तो थकला नाही. आणि वरून, "गरिबाच्या वस्तूले नावं ठेवाले तुमचं काय जाते?"

व्होल्टेजचा मुद्दा वाचून मी गप्पच बसलो, कारण तो खरा आहे. आमचं घर डीपीपासून, म्हणजे गावातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून, शेवटच्या खांबावर. मोजमाप केलं ते संध्याकाळी सातला. तेव्हा सॉकेटमध्ये १८८ व्होल्ट होते. वहीत तसं लिहिलेलं आहे, लेखात मात्र ते आलं नाही, कारण मला ते महत्त्वाचं वाटलंच नाही. लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पला हे लागू पडतंच: बाहेरचं व्होल्टेज पडलं की आतलंही त्याच प्रमाणात पडतं, आणि वॅट पडतात ते वर्गाच्या हिशेबानं. २३० चे १८८ झाले म्हणजे व्होल्टेज गेलं १८ टक्के, वॅट गेले ३३ टक्के. म्हणून परवा रात्री साडेबाराला परत बसलो. तेव्हा २२८ होते.

मोजलं कसं, तेही सांगतो. शेगडीची २००० वॅटची कॉइल आणली. अख्खी कॉइल साधारण २६ ओहमची. तिचे सहा सारखे तुकडे केले, त्यातला एक मीटरवर बघत बघत ४ ओहमपर्यंत छाटला आणि प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात बुडवला. स्पीकरच्या जागी हा तुकडा. मोबाइलवरून ५० हर्ट्झचा सलग सूर सोडला. ऑसिलोस्कोप नाही हे खरं, पण आवाज कुठे फाटतो ते कानाला कळवायची एक जुनी युक्ती आहे. जुन्या रेडिओचा छोटा स्पीकर १०० ओहमच्या जाड रेझिस्टरमधून त्याच तारांना जोडायचा. असला चिमुकला स्पीकर ५० हर्ट्झ नीट वाजवूच शकत नाही, त्यामुळे सूर स्वच्छ असेपर्यंत कागद नुसता थरथरतो. ॲम्प फाटायला लागला की वरचे सूर उमटतात आणि तोच स्पीकर घर्रर्र करून ओरडतो. आवाज वाढवत गेलो. १५.६ व्होल्टवर घरघर सुरू झाली. १५.६ गुणिले १५.६, भागिले ४. झाले ६१ वॅट.

म्हणजे ४० नव्हे, ६१. वीस वॅट मी तुमच्या ॲम्पचे खाल्ले होते, ते परत. लेखातला आकडा दुरुस्त केला आहे.

मल्टिमीटरबद्दल मात्र तुमचं ऐकणार नाही. ५० हर्ट्झच्या स्वच्छ सुरावर साधा मीटरही बरोबरच दाखवतो, त्याच कामासाठी तो बनवलेला असतो. तो चुकतो फाटलेल्या सुरावर, आणि तेव्हा जास्त दाखवतो. पूर्ण चौकोनी झालेल्या सुरावर ११ टक्के जास्त. म्हणजे चुकला असता तर तुमच्याच बाजूनं.

आता उरलेले १३९ वॅट कुठून आणू? डबा उघडला. आत ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरची एक जोडी आणि १८-०-१८ व्होल्टचा (दोन टोकांत मिळून ३६), ३ अँपियरचा ट्रान्सफॉर्मर. ३६ गुणिले ३, म्हणजे १०८. विहिरीत १०८ घागरी असताना पाटाला २०० कशा जातील? दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "एक ट्रान्झिस्टर दीडशे वॅटचा, दोन झाले तीनशे. कंपनीनं तर कमीच लिहिलं ना भाऊ!" हा हिशेब आपल्याकडे इतका रुळलाय की मिस्त्रीसुद्धा तोच सांगतात. पण ते १५० वॅट स्पीकरला मिळणारे नाहीत. ट्रान्झिस्टर स्वतः किती उष्णता सोसेल त्याचा तो आकडा आहे, तोही त्याचं अंग २५ अंशांवर ठेवलं तर. अंग ८५ अंशांवर गेलं की सोसण्याची ताकद ७८ वॅटवर येते. आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४५ अंश असतात.

तुमचा पोळा मात्र खोटा नाही. खंजिरी भजनात थाप पडते आणि थांबते, तेवढ्यापुरते आतले कपॅसिटर साठवलेली वीज देऊन टाकतात आणि ॲम्प ऐपतीपेक्षा मोठा वाटतो. डीजेचा सलग बेस असला की ती सोय नाही. शिवाय ६१ आणि २०० मधला फरक कानाला फार नसतो, जेमतेम ५ डेसिबल. तुमच्या स्पीकरच्या खोक्यातला वूफर (बेसचा स्पीकर) माझ्या वूफरपेक्षा ५ डेसिबलनं तेज असेल, तर तुमचे ६१ माझ्या २०० च्या जवळपास तोडीस तोड ठरतील. पोट्टे नाचले ते वूफरवर, स्टिकरवर नाही.

वजनाचं जे मी लिहिलं होतं, की डबा उचलून बघा, हलका असला तर घेऊ नका, तेही फक्त लोखंडी ट्रान्सफॉर्मरला लागू. नवे क्लास डी वाले (ट्रान्झिस्टर झपाट्यानं चालू-बंद करणारे), एसएमपीएसवर (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सप्लायवर) चालणारे, हलकेच असतात, आणि त्यातले चांगले १८० व्होल्टवरही कुरकुर करत नाहीत. हे लेखात यायला हवं होतं.

'फसवणूक' हा शब्दही मागे घेतो. १००० वॅट पीएमपीओच्या (क्षणभराचा फुगवलेला आकडा) टेपरेकॉर्डरपासून आपण हेच बघत आलोय. आकडा छापतात, पण किती ओहमवर, किती फाटेपर्यंत, किती वेळ, ते छापत नाहीत. अमेरिकेत घरगुती ॲम्पसाठी हे सगळं सांगण्याचा नियम १९७४ साली आला.

पण गरिबाच्या वस्तूचं म्हणाल, तर शेजारच्या काकांचं सांगतो. त्यांनी हाच ॲम्प घेतला. '२००' कधी ऐकू येतात म्हणून लग्नात आवाज पूर्ण वर. ६१ वॅटचा ॲम्प पार फाटेपर्यंत पिळला की ६१ पेक्षा बरंच जास्त ढकलतो. स्पीकर ८० वॅटचा. वरात निघायच्या आधी स्पीकरची कॉइल जळाली, मांडवभर तो वास. काकांनी स्पीकरवाल्याला शिव्या घातल्या. त्याचा काही दोष नव्हता.

तुमचा ॲम्प घेऊन या एकदा. रात्री बारानंतर या, तेव्हा व्होल्टेज असतं. शेगडीच्या कॉइलचे पाच तुकडे अजून पडून आहेत.