धापेचं म्हणणं खरं आहे, आजोबा

आजोबा, नमस्कार.

प्रतिक्रियेखालची सही ‘एक आजोबा’ एवढीच आहे, म्हणून मीही आजोबाच म्हणते. तुमची प्रतिक्रिया २०२१ च्या भाऊबीजेच्या रात्री वाचली आणि खरं सांगायचं तर आधी रागच आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. उत्तराला पंधरा दिवस लागले, कारण दिवाळीच्या सुट्टीत दोन-चार गोष्टी आधी करून बघायच्या होत्या.

कोरोनामुळे बंद पडलेला माझा कथकचा वर्ग पुन्हा सुरू करताना काय काळजी घेतली, ते मी दिवाळीआधी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत ते बाकीच्यांसाठी इथे उतरवते:

“तापमापक, सॅनिटायझर, फरशीला औषध, यादी छान आहे. पण शाळेत मुलं बाकावर गप्प बसतात, तुमच्याकडे पोरी धापा टाकतात. एकीलाही लस मिळालेली नाही आणि घरी आमच्यासारखी म्हातारी माणसं आहेत. आपल्या सोलापूरनं सिद्धेश्वराच्या यात्रेतला गड्डा बंद ठेवला, मग तुमचा नाच थांबला तर कुणाचं काय अडतं? फी बुडते म्हणून उघडलं, असं सरळ लिहा. माझी नात तुमच्याकडे येते. आमच्या घरातलं एक माणूस एप्रिलमध्ये गेलं, म्हणून बोलतोय.”

शेवटच्या वाक्यावर मी काही लिहीत नाही. लिहिण्यासारखं काही नसतं. आणि तुमची नात कोण, ते शोधत बसले नाही. खोटं कशाला बोलू, थोडं शोधलं, मग सोडून दिलं.

फीचं आधी उरकते. बुडाली. मार्च २०२० मध्ये माझ्याकडे ५८ मुली होत्या, ऑनलाइनला २१ उरल्या. त्यातल्या काहींच्या घरी कारखाने बंद म्हणून हप्ते थकलेले, त्यांच्याकडे मागायला तोंड झालं नाही. हॉलचं भाडं पहिले चार महिने निम्मं केलं मालकांनी, पुढे पूर्ण. माझे तबलजी वर्षभर टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला जात होते. आता परत आलेत, पण डग्ग्यावरचा हात अजून म्हणावा तसा बसलेला नाही. तेव्हा फीसाठीही उघडलं, हे सरळ लिहिते. नुसतं फीसाठीच असतं तर लहान मुलींनाही बोलावलं असतं, कारण संख्या त्यांचीच जास्त. शहरात ४ ऑक्टोबर २०२१ पासून आठवी ते बारावीच्या शाळा उघडल्या, म्हणून मीही आठवीच्या पुढच्याच घेतल्या.

आता धापेचं. इथे तुम्ही मला पकडलंत.

माझ्या त्या लेखात हात धुण्यावर आणि फरशी पुसण्यावर तीन परिच्छेद होते आणि खिडक्यांवर एक ओळ. ती ओळसुद्धा “हॉल हवेशीर आहे” एवढीच. फरशीवर सहा-सहा फुटांवर पिवळे गोल रंगवले होते, त्याचा फोटोही टाकला होता. आणि तो हवेशीर हॉल कसा होता सांगू? घुंगरांचा आवाज जातो म्हणून शेजारच्यांची तक्रार, त्यामुळे रस्त्याकडच्या खिडक्या गेली पाच वर्षं बंद. गच्चीकडचं दार बंद, कारण तिकडून मांजर येतं.

तुमचं वाचल्यावर मी नाचाच्या वर्गांचं काय झालं ते शोधून वाचलं. दक्षिण कोरियात चेओनान नावाचं शहर आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे नाचाचा व्यायाम शिकवणाऱ्या शिक्षकांचं एक शिबिर झालं, तिथून लागण झालेले शिक्षक आपापल्या वर्गांवर गेले, आणि २४ दिवसांत १२ व्यायामशाळांतल्या वर्गांशी जोडलेले ११२ रुग्ण सापडले. वर्ग पन्नास मिनिटांचे, एका वेळी ५ ते २२ जणी, खोली सुमारे ६० चौरस मीटर. म्हणजे साडेसहाशे चौरस फूट. माझा हॉल तीस बाय वीस. हा गुणाकार हजेरीच्या वहीमागे केला आणि पेन खाली ठेवलं.

पण त्याच अहवालात पुढे एक गोष्ट आहे, आणि वर्ग पुन्हा बंद करण्याऐवजी बदलायचं मी ठरवलं ते तिच्यामुळे. त्याच शिक्षकांतली एक योग आणि पिलाटेस शिकवत होती, सात-आठ जणींना. लागण तिलाही झाली होती, पण तिच्या एकाही विद्यार्थिनीला झाली नाही. पाचपेक्षा कमी माणसं असलेल्या वर्गांतूनही कुणी सापडलं नाही. म्हणजे खोलीत किती माणसं आहेत आणि ती किती जोरात श्वास घेतायत, खेळ बराचसा तिथे आहे. नेमकं तुम्ही म्हणालात तेच. आपल्याकडेही मे २०२१ मध्ये केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं पत्रक काढलं होतं की श्वासातले सूक्ष्म कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. माझा हॉल दहा मीटर लांबच नाही. पिवळे गोल दिसायला छान आहेत.

मग सुट्टीत, रिकाम्या हॉलमध्ये, उदबत्तीचा प्रयोग केला. सगळं बंद, पंखे चालू, मधोमध एकदम दहा उदबत्त्या. धूर वर गेला, पंख्यानं खाली आणला, चारही कोपऱ्यांत सारखा पसरवला आणि तिथेच ठेवला. विझवून बाहेर जाऊन चहा घेऊन आले, वीस मिनिटं झाली असतील, तरी दारात पाऊल टाकताच वास नाकात. छताचा पंखा हवा बदलत नाही, ढवळतो. इतकी वर्षं मी त्यालाच हवा खेळती म्हणत होते.

दुसऱ्या खेपेला डोकं लढवलं, खरं तर सोलापूरचं डोकं. आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल की कूलर लावून समोरची खिडकी बंद ठेवली तर घाम चिकचिकतो. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसमध्ये जे आपण गारव्यासाठी करतो, तेच नोव्हेंबरात करायचं, फक्त पाणी न घालता. खिडकीतला कूलर कोरडाच चालवला, तो बाहेरची हवा आत ढकलतो. समोर गच्चीचं दार सताड उघडं, आणि दारात स्टँडचा पंखा बाहेर तोंड करून. पुन्हा दहा उदबत्त्या. या वेळी धूर वर चढलाच नाही, आडवा झाला आणि सरळ दाराकडे निघाला. विझवल्यावर पाच मिनिटांत वाससुद्धा जेमतेम. मांजर दारात बसून हे सगळं बघत होतं. त्याला आता येऊ द्यायचं ठरलंय.

शेजारच्यांकडे स्वतः गेले, वेळा सांगितल्या, संध्याकाळी सातनंतर घुंगरू बांधणार नाही असं कबूल केलं. पाच वर्षं जे भांडण चाललं होतं ते दहा मिनिटांत मिटलं. आधीच का गेले नाही, विचारू नका.

त्याच प्रयोगात दुसरी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती तुमच्याही यादीत नव्हती. वर्गात सगळ्यात जास्त हवा तोंडातून बाहेर कोण टाकतं? मी. ‘ता थेई थेई तत्’ मी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडते, दिवसाला चार बॅचेस. मला दोन्ही डोस झालेत, पण डोस झालेल्याकडूनही लागण होऊ शकते. म्हणून आता मी मास्कमधूनच बोलते आणि कमरेला छोटा स्पीकर लावलाय, गाड्यावरचे भाजीवाले लावतात तसला. पहिल्या दिवशी पोरी हसून हसून लोळल्या. “ताई, वांगी कशी दिली?” असं एकीनं विचारलंही. मुलींची पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, हॉलमध्ये बंद. तिथे त्या फक्त हातानं ताल मोजत टाळी-खाली धरतात, बोल मनात. तोंडानं म्हणायचं ते गच्चीवर.

फरशीचं थोडक्यात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून लागण होण्याची शक्यता एका स्पर्शामागे साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी. आणि मी दर बॅचनंतर दोन बादल्या पाणी ओतत होते, या गावात, जिथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत होतं. आता दिवसातून एकदा पुसते. तापमापक ठेवलाय, पण लक्षणं नसलेला रुग्ण त्यात सापडत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगते. वर्गाचे घुंगरू नवख्या मुलींना द्यायचे, ते मात्र बंद. ज्याचे त्याचे.

मास्कवर तुम्ही काही म्हणाला नाहीत, पण इतर दोघांनी विचारलंय. दमछाक करणारा व्यायाम मास्क लावून करू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगितलंय. घामानं मास्क भिजतो, श्वास अडतो. मग धाप आणि मास्क दोन्ही एका खोलीत नकोतच. हॉलमध्ये सहा जणी, मास्क लावून, अर्धा तास, विलंबित म्हणजे संथ आणि मध्य लय. ततकार म्हणजे पायांचे ठोके, हस्तक म्हणजे हातांच्या हालचाली, आणि बोलांचे छोटे तुकडे सावकाश. दोन बॅचेसमध्ये पंधरा मिनिटं हॉल रिकामा, कूलर चालू. द्रुत म्हणजे जलद लय आणि चक्कर म्हणजे गिरक्या फक्त गच्चीवर, लांब लांब उभं राहून, मास्क काढून. दीड वर्ष बसून राहिलेल्या पायांना एकदम द्रुत द्यायचीही नसते. पहिल्याच आठवड्यात दोघींच्या नडग्या धरल्या. ज्यांना कोविड होऊन गेलाय त्यांना डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय चक्कर नाहीच.

आणि लस. मुलींना मिळालेली नव्हती हे खरं, नोव्हेंबर २०२१ पर्यंत अठराच्या खालच्यांना सुरूच झालेली नव्हती. म्हणून घरातल्या सगळ्या मोठ्यांचे दोन डोस झाले असतील तरच हॉलमध्ये, नाहीतर ऑनलाइन. ऑनलाइनची फी कमी आहे आणि परीक्षेला बसायची यंदा कुणावर सक्ती नाही. आजोबा, तुमच्या प्रतिक्रियेमुळे आणखी एक गोष्ट बदलली. दर वर्षी शंभर टक्के हजेरीला मी चांदीचं छोटं घुंगरू बक्षीस देत असे. त्या घुंगरासाठी पोरी ताप अंगावर काढून येत, आणि मी त्याला निष्ठा म्हणत असे. ते बक्षीस बंद केलंय. आता शिंक आली म्हणून घरी बसलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी फोनवर पाठ सांगते. बॅचमध्ये कुणी बाधित निघालं तर ती बॅच चौदा दिवस बंद. शहरात आकडे चढायला लागले तर आदेशाची वाट न बघता सगळंच बंद.

राहिलं ‘कुणाचं काय अडतं’. इथे मात्र मी तुमचं ऐकणार नाही.

ऑक्टोबरात सहा जणी पहिल्यांदा हॉलवर आल्या त्या दिवशी लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी धून, लावला, साधा तीनताल, आणि ततकार धरायला सांगितली. सोळा मात्रा झाल्या, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा आली, आणि सहा जणींचे पाय वेगवेगळ्या वेळी पडले. कुणी अर्धी मात्रा आधी, कुणी त्याहून आधी. मागे मात्र एकही नाही. मला कळेना. यांतल्या दोघींची लय इतकी पक्की होती की मी त्यांना पुढे उभी करायचे.

मग उलगडलं. नेटवर माझा बोल मुलीपर्यंत उशिरा पोचतो, तिचं पाऊल माझ्यापर्यंत आणखी उशिरा. ती तिच्या घरी बरोबर असते, माझ्या पडद्यावर मागे दिसते. आणि मी दीड वर्ष ओरडत होते, “मागे पडतेयस, पुढे ये!” गुणी मुलीच त्या, आल्या पुढे. ज्या घरचं नेट जितकं वाईट, ती मुलगी तितकी जास्त पुढे. जिच्या घरी रेंजसाठी जिन्यात उभं राहावं लागायचं, ती सगळ्यात पुढे पळत होती. चूक तिची नव्हती, नेटचीही नव्हती. मीच शिकवलेली होती.

ती काढायला तीन आठवडे लागले. पाठीला पाठ लावून उभं केलं दोघी-दोघींना, उघड्या दाराजवळ, मास्क लावून, आणि म्हटलं, माझ्याकडे बघू नका, तबल्याकडेही नको, मागचीच्या पायाची फरशीतली थरथर तळव्यात येते ती धरा. नवव्या की दहाव्या आवर्तनाला सगळ्यांची सम एकत्र पडली. खालच्या दुकानदारानं छताला काठी ठोकली. इतक्या महिन्यांनी ती काठी ऐकून तबलजी आणि मी एकमेकांकडे बघून हसलो.

गड्डा थांबला तर पुढच्या जानेवारीत पुन्हा भरेल, यात्रेतले नंदीध्वज पेलणारे खांदे घराघरांत तयार असतात. चौदा वर्षांच्या मुलीच्या पायात चुकीची लय बसली तर ती दोन वर्षांनी काढायला मला जमेल असं वाटत नाही. तुमच्या घरातल्या माणसापुढे हे लहान आहे, मला ठाऊक आहे. म्हणूनच सहाच मुली आणि अर्धाच तास.

रविवारी सकाळी सातला गच्चीवर द्रुत लय असते, उन्हं चढायच्या आत संपवतो. नातीबरोबर या. नाव नाही सांगितलंत तरी चालेल. खुर्ची पाण्याच्या टाकीजवळ ठेवते, तिथून वारा पोरींकडे जातो, त्यांच्याकडून तुमच्याकडे येत नाही. मास्क लावा, आणि हॉलचं दारही तपासायचं असेल तर उदबत्तीचा पुडा घेऊन या. माझ्याकडच्या संपल्या.