रनिंग कमी, एकदम घरची गाडी

जुनी सेडान बघतोय असं मी भाजीपाव खाता खाता एकदाच बोललो, तेवढ्यावर अर्ध्या फोंड्याला कळलं आणि ज्यांच्याकडे आयुष्यात स्कूटरशिवाय काही नव्हतं ते पण मला इंजिनवर लेक्चर द्यायला लागले. बजेट अडीच लाख. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून बसायला ऐसपैस पाहिजे आणि बागायतीतले नारळ आणायला डिकी पाहिजे, एवढीच अट होती आमची.

गाळून गाळून दोन राहिल्या. 2010 ची होंडा सिटी, मडगावच्या पलीकडे, 38 हजार किलोमीटर. आणि 2012 ची मारुती एसएक्सफोर, डिचोलीला, 1 लाख 46 हजार किलोमीटर. दोन्ही पेट्रोल.

मेहुणा ऐकताक्षणी सिटीच्या बाजूने. त्याचा हिशोब एकच, लग्नाच्या हॉलसमोर उतरल्यावर लोक काय म्हणतील. वर सांगतो, सिटीची डिकी मोठी. मी आकडे काढले तर सिटीची 506 लिटर आणि एसएक्सफोरची 505. म्हणजे खोबरेल तेलाची एक बाटली जास्त मावणार. त्याला हे दाखवलं तर म्हणे बघ, मोठी आहे की नाही! बरं, पॉवर पण सिटीचीच जास्त, 1.5 लिटरचं इंजिन 118 पीएस देतं आणि एसएक्सफोरचं 1.6 असून साधारण 105 वर थांबतं, पण आमच्या वाड्यावरच्या स्पीडब्रेकरला पॉवरशी काही देणंघेणं नाही, तिथे पोट वर असलेली गाडी लागते आणि त्यात एसएक्सफोर उजवी.

सिटीवाले अंकल बलकावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसलेलेच होते. फार गोड माणूस, आधी लिंबू सोडा दिला, मग गाडी. गाडीवर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर आंब्याची पानं, पानांवर मांजर. "रनिंग कांयच ना रे बाबा, फकत आयतारा इगर्जेक वता." म्हणजे फक्त रविवारी चर्चला. मेहुण्याने मला कोपराने ढोसलं. पांढरा रंग, एक ओरखडा नाही, सीटवरचं प्लास्टिक पण काढलेलं नाही! मेहुणा तिथल्या तिथे टोकन द्यायला निघाला होता.

नशिबाने सोबत मेस्त्री, म्हणजे आमचा मेकॅनिक होता. मेस्त्री बोलत नाही, हुंकार देतो, आणि प्रत्येक हुंकाराचे साधारण पाच हजार धरायचे. त्याने आधी टायरपाशी उकिडवं बसून बाजूचे चार आकडे वाचले, 3110. म्हणजे 2010 च्या 31 व्या आठवड्यातला टायर, कंपनीतून आलेला. नक्षी नव्यासारखी, पण नख लावलं तर दगड, आणि कडेला बारीक बारीक भेगा. मग त्याने ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि ओढत गेला, ओढत गेला, पार शेवटपर्यंत. वरचा हातभर पट्टा काळा स्वच्छ, आणि आतला भाग, जो कधी बाहेर आलाच नव्हता, त्याच्यावर हिरवट पांढरी बुरशी. वास पण आला, पावसाळ्यात कपाटातल्या जुन्या कोटाला येतो तो. दाराखालच्या पट्टीला त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं, तर लोखंडाचा आवाज यायच्या जागी पापडाचा आला आणि खाली गंजाचा भुगा पडला. शेवटी एअर फिल्टरचा डबा उघडला. आत काजूच्या बियांची टरफलं. उंदराने अख्खा सीझन तिथे काढला होता आणि जाता जाता वायरिंगची चव पण घेतली होती.

मेस्त्री उठला, हात पुसले आणि त्या दिवसातलं एकमेव वाक्य बोलला, "गाडी धांवूंक ना रे, कुसल्या." धावली नाही, कुजली.

आपल्याकडे हे कुणी लक्षातच घेत नाही. मुंबई-पुण्याच्या लोकांचं ऐकून आपण पण रनिंग कमी रनिंग कमी करत बसतो, पण इथली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस उभ्या गाडीला जास्त खातो, त्यात ताडपत्री घातली की ओल आतच कोंडते. रबर सुकतं, ऑइल न चालवता पण जुनं होतं, ब्रेकला गंज धरतो. वर अंकलची आरसी पंधरा वर्षं होऊन संपलेली. "तें तूं कर, सोंपें आसा." सोपं कसलं? आधी रिन्यूअलची फी 600 रुपये होती, 1 एप्रिल 2022 पासून 5000 झाली, आणि पाच वर्षांसाठी पासिंगला नेणार तर त्या पापडासकट नेणार का?

एसएक्सफोर डिचोलीच्या एका सरांची. रोज डिचोली-पणजी. बंपरला ओरखडे, स्टिअरिंगचं कव्हर झिजून गुळगुळीत, सीटवर नातवाने सांडलेल्या चहाचा नकाशा. पण सरांनी आधी गाडी दाखवलीच नाही, फाईल दाखवली. 2012 पासूनचं प्रत्येक बिल, तारखेप्रमाणे लावलेलं. एक लाख किलोमीटरला क्लच बदलला, त्याचं बिल. टायर मागच्या वर्षीचे, त्याचं बिल. दोष पण त्यांनी स्वतःच सांगितले, मागची डावी काच पावसात खाली जात नाही, खड्ड्यात पुढून कटकट येते, लिंक रॉड बदलायला झालाय. आरसी 2027 पर्यंत. चोर्ला घाटाच्या चढावर एसी लावून चौघं बसून नेली, इंजिन गरम झाल्याचा काटा जागचा हलला नाही. मेस्त्रीने एकदाच हुंकार दिला, लिंक रॉडचा.

मेहुणा अजून कुरकुरत होता, ही गाडी 2014 ला बंद झाली, पार्ट कुठे मिळणार. मेस्त्रीने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

दोन लाख सांगितले होते, एक पंच्याऐंशीला झालं. बायकोने अजून पाच कमी करायला तोंड उघडलं तर सरांनी फाईलच पुढे केली, ती गप्प. गाडी देताना त्यांनी बिलांच्या झेरॉक्स दिल्या, ओरिजिनल स्वतःकडे ठेवली. आता दर रविवारी फोन येतो, हवा चेक केली काय? परवा मी ऑइल चेंजचं बिल कौतुकाने व्हॉट्सॲपवर पाठवलं, तर दोन मिनिटांत रिप्लाय, "यात ऑइल फिल्टर दिसत नाही. का बदलला नाही?"