‘इलेक्ट्रिक बाइकवर लांब जाऊ नका’ या फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चौघांनी पाठवला, त्यातला एक माझा मामा. मजकूर थोडक्यात असा: इलेक्ट्रिक मोटरसायकल गावातल्या गावात ठीक, पण लांबच्या प्रवासाला मरणाचा सापळा. उन्हात पळवली की बॅटरी पेटते, पावसात शॉक बसतो, आवाज नाही म्हणून ट्रकवाल्याला कळत नाही आणि घाटात अचानक बंद पडून गाडी मागे घसरते. खाली हात जोडलेले तीन इमोजी. मी अशाच गाडीवर पुणे-महाबळेश्वर करतो, त्यामुळे मामाला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी आग. २०२२च्या मार्चमध्ये पुण्यात धानोरी भागात स्कूटर जळतानाचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. त्याच सुमारास वेल्लोरला घरात चार्जिंगला लावलेली गाडी पेटून बाप-लेकीचा जीव गेला. हे कोणी नाकारत नाही. पण या दोन्ही गाड्या उभ्या होत्या. धावताना पेटलेल्याही आहेत, नाही असं नाही. तरी ‘पळवली की पेटते’ हा नियम कुठून आला? आग लागते ती बॅटरीतल्या एखाद्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट होऊन, किंवा चार्जिंगमध्ये गडबड होऊन, आणि एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला लागत गेल्यामुळे. त्या घटनांनंतर एआयएस-१५६ हे इलेक्ट्रिक दुचाकींच्या बॅटरी-सुरक्षेचं भारतीय मानक कडक झालं. सेलमध्ये अंतर, जादा तापमान सेन्सर, आपोआप तुटणारं चार्जिंग, धोक्याची सूचना देणारा अलार्म हे सगळं डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत सक्तीचं केलं गेलं. म्हणून त्याआधीची सेकंडहँड गाडी स्वस्तात मिळत असेल तर दहादा विचार करा. लांबच्या प्रवासात मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: ढाब्यावरचा सैल प्लग आणि त्याला जोडलेली बारीक वायरची एक्स्टेन्शन. दहा मिनिटांनी प्लगला हात लावून बघायचा. चटका बसला तर चहा संपवून पुढचा ढाबा शोधायचा.

पावसातला शॉक. बहुतेक इलेक्ट्रिक दुचाकींची बॅटरी ४८ ते ७२ व्होल्टची असते आणि ती चासीपासून विलग ठेवलेली असते. आयपी६७ दर्जाची बॅटरी एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरते. ताम्हिणीतल्या पावसाला ती पुरून उरेल. ओढ्याला आलेल्या लोंढ्यात मात्र घालू नका, तिथे पेट्रोलची गाडीही वाहून जाते. पावसात खरी सांभाळायची गोष्ट म्हणजे मूठ, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. मोटरचा पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, आणि ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर मागचं चाक सटकन निसटतं. कमी जोराचा मोड लावा.

आवाजाचं फार बोलायला नको. काचा वर करून गाणी लावलेल्या ट्रकचालकाला तुमची पेट्रोलची बाइकही ऐकू जात नाही. गावातून हळू जाताना म्हातारी माणसं दचकतात हे खरं. तिथे हॉर्न द्यावा.

आता घाट. इथे मेसेज अर्धा खरा आहे, आणि नेमकं जे सांगायला हवं ते त्यात नाही.

मागे घसरते? हो. बहुतेक इलेक्ट्रिक बाइकना गिअर नसतो, त्यामुळे पेट्रोलची गाडी आपण पहिल्या गिअरमध्ये अडकवून उभी करतो तशी ही राहत नाही. चढावर थांबलात तर ब्रेक सोडायचा नाही. अचानक बंद पडते? सहसा नाही. चार्ज उतरत गेला की गाडी आधी वेग कमी करते. धोका तिथेच आहे: महामार्गावर मागून ट्रक येत असताना तुम्ही ३०-४०च्या वेगाने रखडताय, आणि तेही अंधार पडताना.

हे टाळण्याचा हिशेब शाळेतल्या पुस्तकाचा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर, महाबळेश्वर साडेतेराशे. गाडी आणि दोन माणसं मिळून २५० किलो धरली, तर नुसतं ते ८०० मीटर वर चढायला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज लागते. सव्वातीन युनिटची बॅटरी असेल तर सहावा हिस्सा पसरणी घाटाने आणि इतर चढांनीच खाल्ला. दहा युनिटच्या बॅटरीला तो जाणवणारही नाही. त्याहून जास्त खातो तो वारा. ७० ऐवजी १००ने गेलात तर हवेचा विरोध दुप्पट होतो. कंपनीच्या कागदावरची रेंज विसरा, तुम्ही ज्या वेगाने जाणार त्या वेगाची स्वतःच्या गाडीची रेंज मोजा.

उतरतानाची गंमत तर कोणीच सांगत नाही. मूठ सोडली की मोटर उलट वीज बनवून बॅटरीत भरते, आणि त्यानेच गाडी आवरते. हॉटेलात रात्रभर लावून सकाळी १०० टक्के चार्ज झालेली गाडी घेऊन घाट उतरलात, तर भरलेल्या बॅटरीत परत वीज घ्यायला जागा नसते. मग मूठ सोडल्यावर गाडी आपोआप आवरते, ती सवयीची पकड मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर पडतो आणि ते तापतात. वर मुक्काम असेल तर मी ८५ टक्क्यांवर प्लग काढतो.

चार्जरबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही, खरी अडचण ती असून. महामार्गावरचे फास्ट चार्जर बहुतेक मोटारींच्या सीसीएस-२ प्लगचे. बहुतेक दुचाकींना तो बसतच नाही. हलक्या वाहनांच्या प्लगचं भारतीय मानक २०२३मध्ये आलं, पण नकाशावर हिरवा ठिपका दिसला म्हणून निघू नका, प्लग कुठला आहे ते आधी फोन करून विचारा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवरचे चार्जर तर आपल्या हिशेबातच नाहीत, तिथे दुचाकीला बंदी आहे.

आणि मामा, २०२२मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नव्हतं अशी ५०,०२९. तुझं हेल्मेट अजून आरशाला लटकलेलं असतं.