"आरोग्य अधिकारी म्हणजे पोस्टमन" म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय, मला स्वतःला तो चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला, त्यातला एक तर माहेरच्या भावकीचा ग्रुप. मेसेज थोडक्यात असा: "आरोग्य खात्यात सगळं मुंबईत ठरतं, जिल्ह्याचे तालुक्याचे आरोग्य अधिकारी फक्त पोस्टमन. एकेका जिल्ह्याला तीन तीन साहेब कशाला? नुसत्या मीटिंगा आणि रिपोर्ट. कोविडमध्ये दर जिल्ह्याला वेगळे नियम होते, म्हणजे समन्वय शून्य. आता ॲप आलंय, ही मधली पदं बंद करा, मुंबईत एक कंट्रोल रूम ठेवा." खाली हात जोडलेले आणि जास्तीत जास्त शेअर करा.

मी ३१ वर्षं या खात्यात काढलीत, आधी उपकेंद्राला एएनएम (आरोग्यसेविका, लोक सिस्टर म्हणतात), शेवटची नऊ वर्षं एलएचव्ही (एएनएमवर देखरेख करणारी), सगळी नोकरी ऊसपट्ट्यात. आता रिटायर आहे, कुणाची बाजू घेऊन मला काही मिळवायचं नाहीये. पण मेसेज वाचून रात्री झोप लागली नाही, कारण लिहिणाऱ्याचा राग खरा आहे आणि त्याने सांगितलेला उपाय मात्र आहे ते पण मोडणारा आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

मुद्दा पहिला, सगळं मुंबईत ठरतं. जीआर मंत्रालयातून निघतो, हे कुणी नाकारत नाही. पण लसीकरणाचा कारभार पुण्याच्या राज्य कुटुंब कल्याण कार्यालयातून चालतो, हिवताप हत्तीरोगाचे सहसंचालक पण पुण्यातच बसतात. त्याखाली आठ परिमंडळं आणि प्रत्येकाला उपसंचालक, ठाणे, नाशिक, पुणे, कोल्हापूर, संभाजीनगर, लातूर, अकोला, नागपूर. त्याखाली ३४ जिल्हा परिषदांचे डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी), मग टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी), मग पीएचसीचे म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे एमओ (डॉक्टर), मग आम्ही. आणि कागद फक्त वरून खाली येतो असं ज्यांना वाटतं त्यांनी पीआयपी (पुढच्या कामाचा आणि खर्चाचा आराखडा) हा शब्द बहुतेक ऐकलेला नाही. पीआयपीची वेळ आली की तालुक्यावरून फोन यायचा, सिस्टर तुमच्या उपकेंद्राला पुढं काय काय लागणार ते लिहून द्या, मग आम्ही लिहायचो की आमच्याकडं डिलिव्हरीच्या खोलीचं छत गळतंय, एक आशा सेविका कमी आहे, वाडीवर जायला गाडी नाही. ते तालुक्याला गोळा व्हायचं, मग जिल्ह्याला, मग राज्याचा आराखडा होऊन दिल्लीला जायचं, कारण एनएचएमचे (राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे) पैसे केंद्र ६० आणि राज्य ४० असे येतात. मागितलेलं सगळं मिळतं का, अजिबात नाही, छत आमचं चार पावसाळे गळलं. पण मागणी खालून लिहून गेली नसती तर ते पाचव्या पावसाळ्यात पण गळलंच असतं.

आणि धोरण सुद्धा खालून वर गेलंय, ह्याचा लोकांना पत्ताच नसतो. विंचू चावल्यावर प्राझोसिन देतात ना, विंचूदंशावरचं ते काम डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडकडच्या बिरवाडी पीएचसीत नोकरीला असताना सुरू केलं, आणि आज ते औषध विंचवाच्या पेशंटला सगळीकडं देतात. बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, त्याचं मूळ गडचिरोलीत आहे, बंग पती-पत्नींच्या सर्च संस्थेनं खेड्यातल्या बायकांना बाळ तपासायला शिकवलं आणि त्यातून अर्भकमृत्यू निम्म्याच्या आसपास उतरल्याचं १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलं, २०११ पासून तेच देशभर आशांकडून सुरू झालं. बीडचं तर ताजंच आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढायचा प्रकार २०१९ ला उघड झाला, नीलम गोऱ्हे यांची समिती बसली, ८२ हजारांवर बायकांचा सर्व्हे झाला, त्यात १३ हजारांवर बायकांची ऑपरेशनं झालेली निघाली. तेव्हा बीड जिल्ह्यात नियम केला की सिव्हिल सर्जनच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यानं हे ऑपरेशन करायचं नाही. ही परवानगी मुंबईच्या कंट्रोल रूममधून कोण देणार होतं, सांगा मला?

मुद्दा दुसरा, तीन तीन साहेब कशाला. सिव्हिल सर्जनकडं जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय, म्हणजे पेशंट आत आल्यावरचं काम. डीएचओकडं पीएचसी आणि उपकेंद्र, म्हणजे माणूस पेशंट होऊ नये म्हणून करायचं काम. दोन्ही एकाकडं दिली तर काय होतं ते आपल्याला माहितीये, ऑपरेशन थिएटर बंद पडलं की त्याच दिवशी पेपरात येतं आणि गावची विहीर बिघडली तर पंधरा दिवसांनी कळतं, त्यामुळं साहेब सगळा वेळ थिएटरलाच देणार. महापालिकेचा आरोग्य अधिकारी तिसरा, कारण शहराची गटारं पाणी कचरा महापालिकेकडं, आणि राज्यात अशा २९ महापालिका आहेत.

हां, ह्या तिघांच्या हद्दी जिथं जुळतात तिथं उसवतं, हे मात्र खरं आणि ते मी लपवणार नाही. जानेवारी २०२५ चं पुण्याचं जीबीएस (हातपाय लुळे पाडणारा आजार) आठवा. सिंहगड रोडकडची किरकटवाडी, नांदेड, खडकवासला. ही गावं २०२१ ला महापालिकेत आलेली, त्याआधी जिल्हा परिषदेची. पेशंट सापडत होते खासगी हॉस्पिटलात, सॅम्पल जात होते एनआयव्हीला (पुण्याची विषाणू संस्था), काही पेशंटच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस (दूषित पाण्यातनं, अन्नातनं येणारे जंतू) निघाला, आणि नांदेडगावच्या विहिरीवर सगळ्यांचं लक्ष गेलं. रोजचं पत्रक ज्यांनी बघितलं असेल त्यांना आठवेल, आकडे वेगवेगळे द्यायचे, पुणे मनपा, मनपात नव्यानं आलेली गावं, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण, इतर जिल्हे. लोक चिडायचे की इतके रकाने कशाला. अहो, ते रकाने होते म्हणून तर दिसलं की पेशंट कुठल्या पाण्यावरचे आहेत, घरोघरी सर्व्हेला कुणाची माणसं कुठल्या गल्लीत घालायची ते ठरलं. एकच साहेब असता तरी विहीर, पाईपलाईन, हॉटेल आणि खासगी हॉस्पिटल ही चार वेगळ्या दारात मोडतात आणि चारही दारं कुणीतरी ठोठावायलाच लागतात.

मुद्दा तिसरा, मीटिंगा आणि रिपोर्ट. ह्यावर मला जास्त बोलायचंय.

आधी कबूल करते. एकच आकडा चार फॉर्ममध्ये, परत तोच व्हॉट्सॲपवर, परत तोच फोनवर, हे मी वर्षानुवर्षं केलंय आणि त्यात लसीकरणाचे दिवस वाया गेलेत. व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्सला) तीन तास बसून आपल्या तालुक्याचं नाव दोन मिनिटं येतं. हे बंद झालंच पाहिजे. पण सगळ्याच मीटिंगा तसल्या असतात असं म्हणणाऱ्यानं तालुक्याच्या मीटिंगला एकदा येऊन बसावं.

दिवाळीच्या आसपास आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, बीडच्या, जालन्याच्या, कारखान्याच्या तळावर कोप्या (झोपड्या) पडायच्या. शेकड्यानं लहान पोरं. आम्ही सकाळी दहाला व्हॅक्सिन कॅरियर घेऊन जायचो, चार आईसपॅक, त्यात कुप्या, आणि तळावर कोण, तर एखादी म्हातारी आणि धाकटी भावंडं सांभाळणारी सात-आठ वर्षांची पोर. आया पहाटे चारलाच फडात गेलेल्या. दोन खेपा अशा रिकाम्या गेल्या. तिसऱ्या आठवड्यात तालुक्याला मीटिंग, तिथं आमच्या टीएचओंनी हट्टानं कारखान्याच्या शेती खात्यातला माणूस बोलावला. तो म्हणाला, मॅडम अमुक तारखेला क्लिनिंग आहे, गाळप बंद, टोळ्या तळावरच असतील, आणि त्यानं मुकादमांची यादीच दिली, कुठली टोळी कुठल्या तळावर. अंगणवाडीच्या सुपरवायझर तिथंच बसलेल्या, त्यांनी मदतनीस दिल्या. त्या क्लिनिंगच्या दिवशी आम्ही ६३ पोरांना लस दिली, सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत. हे सगळं एका मीटिंगमधनं, बिस्किट आणि चहाच्या खर्चात.

आणि त्या पोरांना लस देताना काय व्हायचं ते पण सांगते. एका आईकडं लसीचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून, दुसरीचं कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत राहिलेलं. विचारलं तर म्हणायची, टोचलंय बाई, कुठलं ते नाही ठाऊक. मग बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीची (क्षयाच्या लसीची) खूण बघायची, आईला विचारायचं सुई मांडीत दिली का दंडात, मांडीत म्हणाली तर पेंटा (पाच रोगांची एकत्र लस) असणार, पण कितवा? मग फोन लावायचा बीडकडच्या सिस्टरला. "ताई, तुमच्या वस्तीवरचं पोरगं आलंय माझ्याकडं, पेंटा दोन झालाय का बघा की." ती रजिस्टर काढायची, पान उलटल्याचा आवाज मला फोनवर यायचा, "झालाय हो ताई, तिसरा राहिलाय, तेवढा द्या." हा नंबर मला कुठून मिळाला, तर त्यांच्या तालुक्यानं आमच्या तालुक्याला यादी पाठवली होती, दोन जिल्ह्यांच्या डीएचओंचं आपसात बोलणं झालं होतं म्हणून. राज्यभर समन्वय म्हणतात तो एवढाच असतो बघा, ह्या जिल्ह्यातल्या सिस्टरकडं त्या जिल्ह्यातल्या सिस्टरचा नंबर असणं आणि दोघींच्या साहेबांनी तशी परवानगी दिलेली असणं.

पोलिओ पण असाच गेला. टास्क फोर्सच्या मीटिंगला एसटीवाले, रेल्वेवाले, शाळावाले, वीज मंडळवाले, सगळे, कारण लसीच्या फ्रीजची लाईट जाऊन चालत नाही आणि स्टँडवरचं पोर सुटून चालत नाही. देशातला मूळ (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा पेशंट १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा, आणि २७ मार्च २०१४ ला प्रमाणपत्र मिळालं. आज ज्यांची पोरं दोन पायांवर धावतायत त्यांना ह्या मीटिंगा टाईमपास वाटाव्यात ह्याचं मला वाईट वाटतं. उलटं उदाहरण पण समोर आहे, २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावला गोवर उसळला, कारण डोस राहिलेली पोरं साठत गेली होती. मग डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स, मग जादा डोस, मग घरोघरी शोध. जिथं गल्लीपातळीचं काम ढिलं पडतं तिथं राज्याला धावायला लागतं, आणि तोवर पोरं गेलेली असतात.

कोविडचा मुद्दा लवकर उरकते. जून २०२१ मध्ये राज्यानं पाच स्तर केले, पॉझिटिव्हिटी किती आणि ऑक्सिजनचे बेड किती भरलेत त्यावरनं. पाच टक्क्यांच्या आत पॉझिटिव्हिटी आणि पंचवीस टक्क्यांच्या आत बेड असले तर पहिला स्तर, पॉझिटिव्हिटी वीस टक्क्यांच्या वर गेली तर पाचवा. मोजपट्टी सगळ्या राज्याला एक, आकडे ज्याचे त्याचे, म्हणून नियम वेगळे. कोल्हापूरला पेशंट वाढलेत म्हणून गोंदियाचं दुकान का बंद ठेवायचं? एकाच मापानं मोजून प्रत्येकाला त्याच्या गरजेएवढं देणं, मेसेजवाला समन्वय समन्वय म्हणून ओरडतोय तो हाच.

आता ॲप. मी ॲपच्या विरोधात नाही, खरं सांगते, यू-विन या लसीकरणाच्या सरकारी ॲपवर पोराची लस कुठल्याही जिल्ह्यात दिसते हे ऐकलं तेव्हा मला ते फोनवरचं पान उलटणं आठवून डोळ्यात पाणी आलं. आयएचआयपी (रोगांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) पण चांगलंच, पूर्वी एस, पी, एल फॉर्म आठवड्यानं जायचे, कर्मचाऱ्याचा संशयित, डॉक्टरचा, लॅबचा, आता त्याच दिवशी दिसतं. पण दिसल्यावर पुढं काय? समजा स्क्रीनवर आलं की अमुक गावात जुलाबाचे नऊ पेशंट. मग कुणीतरी गाडीवर बसून जायला लागतं. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, ओटीचे (क्लोरीन तपासायच्या औषधाचे) थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही. मग ग्रामपंचायतीत जाऊन टीसीएल (पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर) बघायचं. माझ्या डोळ्यांपुढं अजून ती गोणी आहे, खोलीच्या कोपऱ्यात तोंड उघडं, ओल लागून ढेकळं झालेली, वासच नाही. पाणीवाला इमानदारीनं रोज त्यातली पावडर टाकत होता आणि वहीत लिहीत होता, आणि त्या पावडरीत दम उरलेलाच नव्हता. ॲपवर त्या गावाचं "शुद्धीकरण केले, होय" असंच दिसलं असतं. मग त्या गावाला लाल कार्ड (पाणी धोक्याचं असल्याचं) द्यायचं, ग्रामसेवकाशी वाईटपणा घ्यायचा, बीडीओला टीएचओंनी सांगायचं, नवीन गोणी येईस्तोवर घरोघरी मेडिक्लोरच्या (पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या) बाटल्या वाटायच्या. कार्ड लाल द्यायचा अधिकार आणि धमक, दोन्ही तालुक्याच्याच माणसाकडं असते.

ज्यांनी हा मेसेज पुढं पाठवलाय त्यांच्यावर माझा राग नाही. तुम्ही पीएचसीत गेलात तेव्हा डॉक्टर नव्हता, सिस्टर ट्रेनिंगला गेलेली, औषध बाहेरून आणायला सांगितलं, हे होतं, मी आतून बघितलंय. पण ते पदं जास्त असल्यामुळं होत नाही, ती रिकामी असल्यामुळं होतं. एका टीएचओकडं दोन तालुक्यांचा चार्ज, एका एएनएमकडं दोन उपकेंद्रं, असं असल्यावर कोण कुणाला फोन करणार?

माझ्याकडं एक डायरी होती, लाल पुठ्ठ्याची. धारूर, वडवणी, गेवराई, अंबड, घनसावंगी, तिकडच्या सगळ्या सिस्टरांचे आणि आशांचे नंबर, कुठल्या वस्तीची टोळी कुठल्या कारखान्याला येते ते पण त्यात. रिटायर झाले त्या दिवशी ती कुणाला तरी हातात द्यायची होती. माझ्या जागेवर कुणी आलंच नाही, पुढं अकरा महिने नाही. डायरी मी टेबलाच्या खणात ठेवून आले, आणि त्या वर्षी टोळ्या आल्या तेव्हा तीन सिस्टरांचे मला घरी फोन आले, ताई अमुक पोराचं बघता का म्हणून. मी काय बघणार होते, रजिस्टर तिकडं आणि मी स्वयंपाकघरात.